घाटाचं वाक्य

डोक्यावर फेटा चढला तवाच ऋषिराजला कळलं, की आता सुटका न्हाई. बांधणाऱ्यानं असला दाबून बांधला, की दोन्ही कान दुमडून आत गेलं आन् बाहेरचा आवाज विहिरीतनं आल्यागत यायला लागला. पाडव्याचा दिवस. सकाळचं साडेनऊ. साताऱ्यातल्या शोरूमच्या दारात बॅटरीवरच्या अकरा कोऱ्या स्कूटर एका वळीत उभ्या, हार घालून, हळदीकुंकू लावून. गाडीचं नाव 'झेपा'. अकराच्या अकरा डिकमाळच्या लोकांनी घेतलेल्या. आन् डिकमाळ म्हंजे ऋषिराजचं गाव, साताऱ्यावरनं सात किलोमीटरचा घाट चढून गेल्यावर पठारावर.

आता हे लोक एकाच गाडीवर पडलं कसं? ऋषिराजमुळं! दुसरं कायबी कारण न्हाई.

त्यो सांगलीच्या एका पेपरात लिवायचा. दर शनिवारी पुरवणीत तेचं सदर, 'मूठ पिळा'. कराडला डिप्लोमा केल्याला, गाड्यांचं लय वेड, कुठल्या कंपनीनं नवी गाडी काढली की ती पेपरवाल्यांना बोलवायची, ह्यो जायचा, चालवायचा, लिवायचा. गावात पेपर यायचा डेअरीवर. ज्या शनिवारी ऋषिराजचा लेख असंल, त्या दिवशी दूध घालाय आल्यालं माणूस लेख वाचून हुईस्तवर कॅन उचलायचं न्हाई. मागं कुणालातरी म्हशीची धार काढायचं मशीन घ्यायचं हुतं, तेबी ह्याला विचारून घेतलं. एवढा इस्वास.

"ऋषिराजसाहेब, हसा की जरा, फोटू काढतुया," शोरूमचा मालक वीरधवल म्हणला. पांढरा कुडता, मनगटात कडं, तोंडात सारखं साहेब.

"हसतोय की."

पण हसत नव्हता त्यो. तेची नजर गेलती कोपऱ्यात. तिथं सयाजीआबांची जुनी मोटारसायकल उभी हुती. टाकीवर कागद डकवलेला, 'एक्स्चेंज'. दुपारी चारला टेम्पो येणार हुता आन् असल्या सगळ्या जुन्या गाड्या भरून नेणार हुता.

सयाजीआबा म्हंजे ऋषिराजचं थोरलं चुलतं. फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर. उजवा गुडघा तिकडंच निकामी झालेला. आन् लीलाबाईकाकीला गेल्या वर्षापासनं डायलिसिस. मंगळवार आन् शुक्रवार, सकाळी आठला साताऱ्यात मशीनवर. पहिली एस्टी गावातनं निघायची नवाला, म्हंजे काय उपयोग? मग आबा मोटारसायकल काढायचं. त्या गाडीला किक. एका किकेत कवाच चालू झाली न्हाई ती. चौथ्या-पाचव्या किकेला आबांच्या डोळ्यात पाणी यायचं, आन् काकी दुसरीकडं बघायची, बघितलंच न्हाई असं दाखवायला. तेच्यापायी ही स्कूटर. बटण दाबलं की चालू.

खाली साताऱ्याला उतरायचं काय न्हाई. पण मशीनवरनं उतरल्यावर काकी म्हंजे नुसती पिळून टाकल्याली. मागनं आबांचा शर्ट धरून बसायचं, एवढाच जोर उरायचा अंगात. तसल्या माणसाला घिऊन घाट चढायचा. घाटात गाडी बंद पडली तर? सावली न्हाई, घर न्हाई, चार-चार वळणं मोबाईलला रेंज न्हाई.

आन् ऋषिराजला एकट्यालाच म्हाईत हुतं, की झेपा घाट चढती का न्हाई, हे तेला म्हाईत न्हाई.

झालतं असं. दोन महिन्यामागं कंपनीनं हायवेवरच्या हॉटेलात बोलवलं. बारा पत्रकार. पोहं, शिरा, टी-शर्ट, नवं कोरं हेल्मेट. मग साताऱ्यावरनं खाली उंब्रजच्या अंगाला, तासाभराचा गुळगुळीत रस्ता, प्रत्येकाला एक-एक गाडी, एकट्यानं बसायचं, पुढं कंपनीची पायलट गाडी. मूठ पिळली आन् गाडी अशी सुटली म्हणता! आवाज न्हाई, धूर न्हाई, कानात नुसता वारा. खोटं कशाला बोला, तेला गाडी खरंच आवडली. उंब्रजला पोचला तर बॅटरी निम्मीबी उतरली नव्हती. तिथं कंपनीचं टेम्पो उभं, सगळ्या गाड्या उचलून परत साताऱ्याला, पत्रकार एसी बसमधी. येताना साताऱ्यापतूर चढ हाय, आन् तो चढ गाडीनं टेम्पोत बसून काढला, हे कुणाच्या टकुऱ्यातबी आलं न्हाई. ऋषिराजच्याबी न्हाई. बसमधी थंडगार आंब्याचं पन्हं वाटत हुतं.

लेख लिवला. सांगलीला पुरवणी बघणारं श्रेयस सर, तेंचा फोन आला. "लेख मस्त झालाय रे. पण आपले वाचक कुठले? सातारा, वाई, पाटण. घाटाचं एक वाक्य टाक की."

"सर, घाटात चालवलीच न्हाई."

"मोटर ताकदीची आहे असं लिहिलंयस ना? तेच जरा घाटाच्या भाषेत सांग. तासाभरात दे, पान अडलंय माझं."

ऋषिराजनं लिवलं: 'आमच्या डिकमाळच्या घाटात तर झेपा दोघांना घेऊन पाखरासारखी चढते.' नऊ शब्द. लिवताना तेला कायसुदिक वाटलं न्हाई, हे खरं वाईट. उलट वाटलं, लय झ्याक जमलं.

लेख आल्यावर सोमवारी एक फोन आला. मिरजेच्या बाजूचं कोणतरी पायगोंडा आण्णा म्हणून. म्हाताऱ्याचा आवाज, सावकाश बोलणं.

"एकच इचारतो बघा. त्या घाटात तुमी स्वतः चालवला का?"

"व्हय की," ऋषिराज म्हणला. "आमचाच घाट हाय."

"दोघं बसून?"

"व्हय."

"बरं," म्हातारा म्हणला आन् ठेवला.

त्या 'व्हय'पासनं ऋषिराजला अन्न गोड लागंना. आन् तवर गावात एकाचं बघून दुसरा, अशी अकरा बुकिंगं झाली. तेनं श्रेयस सरांना सांगून बघितलं, दुरुस्ती छापा. सर म्हणलं, "पाडव्याला मागचं अख्खं पान त्यांची जाहिरात आहे, आता दुरुस्ती कसली?" वीरधवलकडं गेला, म्हणला डेमोची गाडी द्या, एकदा घाटात नेऊन आणतो. तर डेमोची गाडी कोल्हापूरला गेल्याली. शेवटी आबांनाच गाठलं, गोठ्यात.

"आबा, घेण्याआधी एकदा दोघं बसून चालवून बगा की."

"पूजा झाल्याबिगर नव्या गाडीवर बूड टेकायचं न्हाई," आबा म्हणलं. डिकमाळची ही रीतच. ट्रॅक्टर असू दे न्हाईतर सायकल, पूजेआधी बसला की गाडी बाटली. "आन् तू चालवलीस न्हवं?"

ऋषिराज शेणाची पाटी उचलाय वाकला.

"मग झालं की. तू चालवलीस म्हंजे म्या चालवली."

एवढं बोलून आबा म्हशीला पाणी दाखवाय गेलं. सांगायचं हुतं ते तिथंच राहिलं, शेणाच्या पाटीपशी.

आन् आज फेटा.

रीतीचा दुसरा भाग आजून बाकी हुता. नवी गाडी घरी न्यायच्या आधी गावच्या भैरोबाला न्यायची. आन् देवाला निघाल्याली गाडी मधी थांबवायची न्हाई. पाय भुईला लावायचा न्हाई. पाय टेकला की देवाला दिलेला शब्द मोडला. आजवर कुणी मोडला नव्हता, कारण आजवर सगळ्या पेट्रोलच्या गाड्या हुत्या.

"म्होरं कोण?" आबा म्हणलं. "जेनं लिवलं त्यो म्होरं. माजी गाडी ऋष्या चालवंल. आन् लीला तेच्या मागं बसंल."

"आबा, तुमीच बसवा की काकीला."

"का रं? पाखरागत चढती न्हवं? मग पाखराच्या मागं बसू दे की तिला."

सगळी हसली. काकी हातात नारळ आन् नैवेद्याचा डबा घिऊन मागं बसलीबी. आबा शेजारच्या शंभूराजच्या मागं बसलं. वीरधवलची मोटार पुढं, तिच्या टपावर स्पीकर, मग ऋषिराज, मग धा स्कूटरा. ज्या बाजूला बघावं त्या बाजूला माणूस. निघाली वरात.

शहरातनं झ्याक गेली. पोवईनाका, चौक, पोरं हात दाखवत हुती. घाट सुरू झाला. पहिलं वळण, मीटरवर पस्तीस. दुसरं वळण, तीस. ऋषिराजनं मनात भैरोबाला नारळाचं तोरण बोललं. काकीचा हात तेच्या खांद्यावर, हातातल्या सुयांच्या जागेवर पट्टी, ती तेला आरशात दिसत हुती.

तिसऱ्या वळणाला बावीस.

"ऋष्या, गाडी ऐकंना वाटतं," काकी कानापशी म्हणली.

"चढ हाय, काकी."

"चढ हाय ते मला म्हाईत हाय. चाळीस वर्सं चढतीया."

चौथ्या वळणाच्या आधी मीटरवर एक पिवळं चित्र उगवलं. कासव! खरंच सांगतो, बारकं कासव, चार पाय, शेपटी. मूठ पार शेवटाला पिळलेली आन् गाडी अकरावर. मोटर तापली की गाडी आपली आपण मंद हुती, हे ऋषिराजनं कंपनीच्या पुस्तकात वाचलं हुतं, शेवटनं दुसऱ्या पानावर, बारक्या अक्षरात. तेच्या लेखात त्याला जागा झाली नव्हती.

मागनं वरडा आला, "आरं माझ्याबी गाडीत कासव आलंय!" ती रेश्मावहिनी. तिनं डेअरीला कॅन न्यायला घेतल्याली, आज मागं सासूला बसवलेली. मग आणखी एक. "हिकडंबी आलं!" जेच्या जेच्या मागं माणूस हुतं, तेच्या गाडीत कासव. आन् सगळ्यांच्या मागं साडेधाची एस्टी येऊन थांबली, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. डाव्या अंगाला कडा, उजव्या अंगाला दरी, पुढं वीरधवलच्या मोटारीचं ढोल-ताशं, मागं हॉर्न. वळवायला जागा न्हाई, थांबायला परवानगी न्हाई.

नऊ. आठ. सहा. आता गाडी डुलाय लागली. एवढ्या हळू गाडीवर पाय वर धरून तोल सांभाळायचा म्हंजे तारंवरचा खेळ. ऋषिराजच्या मांड्या थरथराय लागल्या. फेट्याखालनं घामाची धार डोळ्यात.

"ऋष्या," काकी म्हणली, "उतरून चालत गेलो तर नैवेद्य गरम हाय तवर पोचू रं." आन् हसली. पण हसताना तिला धाप लागली, आन् तिनं कपाळ तेच्या पाठीला टेकलं. आज सण म्हणून उपाशी. काल शुक्रवार, कालच मशीनवर जाऊन आल्याली. तेला तिचं कपाळ शर्टातनं गरम लागलं, आन् तेला वाटलं, आता मंगळवारी हीच जागा, हेच कपाळ, फक्त पुढं आबांची पाठ.

वीरधवल पुढची मोटार थांबवून पळत आला. गाडीसंगं उलटा चालत, हसत, ओठ न हलवता बोलाय लागला, "साहेब, म्हणा, पहिल्या दिवशी मोटर घट्ट असती. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर मोकळी हुती. तुमी म्हणला की लोक ऐकतील. म्हणा पटकन."

मागनं आबांचा आवाज आला. फौजेतला आवाज, हॉर्नच्या वर.

"ऋष्या! काय हाय ह्ये? पहिल्या दिवशी असं हुतं का? तू सांग. तू म्हणशील ते खरं."

बघा आता. एक वाक्य. तेवढं म्हणलं असतं तर फेटा राहिला असता, सदर राहिलं असतं, डेअरीवरचा मान राहिला असता. घट्ट मोटर! आन् चारला टेम्पो आला असता.

गाडी उजवीकडं कलली.

ऋषिराजनं पाय भुईला लावला.

एवढ्या लोकांत असा आवाज झाला, "आँ!" म्हणून. मागं एकेक करून सगळ्यांचं पाय टेकलं, तेंचाबी इलाज नव्हता. एस्टीवाल्यानं हॉर्न सोडला. वीरधवलच्या पोरानं स्पीकर बंद केला. आन् कधी नव्हं ती एवढी शांतता झाली, की खालच्या पाण्याच्या टाकीवरचं पंप ऐकू आलं.

"आबा," ऋषिराज म्हणला, "म्या घाटात चालवली न्हाई."

"म्हंजे?"

"कवाच न्हाई. एकटा चालवली, खाली उंब्रजकडं, उताराला. घाटाचं मी मनानं लिवलं."

आबा शंभूराजच्या मागनं उतरलं. लंगडत, सावकाश आलं. सगळ्यांना वाटलं आता कानफटात बसती. ऋषिराजलाबी वाटलं, आन् तेला वाटलं बसू दे. पण आबांनी आधी काकीला हाताला धरून उतरवलं, वीरधवलकडं बघितलं, वीरधवलनं न सांगता मोटारीचं दार उघडलं, काकीला आत बसवलं. मग आबा वळलं.

"फौजेत आमी एकाला म्होरं धाडायचो. रस्ता बगून ये म्हणायचो. तेनं येऊन सांगटलं, 'बगितला न्हाई, भ्यालो,' तर तेला कोण मारायचं न्हाई. दुसरा जायचा." आबा थांबलं. "पण तेनं न बगता सांगटलं, 'मोकळा हाय,' तर मागनं अख्खी तुकडी येती. मागं वळून बग."

ऋषिराजनं बघितलं. धा स्कूटरा, रेश्मावहिनी, तिची सासू, एस्टीतनं माना बाहेर काढल्याली माणसं.

"आली का तुकडी?"

"आली."

"लाज वाटली का?"

ऋषिराज मीटरवरच्या कासवाकडं बघत राहिला.

"वाटली असंल तर आता बगून ये." आबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, तेच्या हातात दिलं आन् स्वतः तेच्या मागं बसलं. अठ्ठ्याऐंशी किलोचं माणूस. "इथनं वर. किती येळ लागतो, कुठं थांबती, बॅटरी किती खाती. एकेक लिवून घ्यायचं. पाखरं-बिखरं न्हाई."

"आवं पण आबा, रीत मोडली की," रेश्मावहिनीची सासू म्हणली.

"भैरोबाला म्या सांगतो. त्योबी डोंगरावरच ऱ्हातो, तेला घाट म्हाईत हाय."

तर मग चढली गाडी. इसावा घेत, कासव बघत. राहिलेल्या चार किलोमीटरला चाळीस मिनिटं लागली, तीन वेळा थांबून गार करावी लागली. एकटं बसलेली माणसं मात्र पुढं निघून गेली, तेंच्या गाड्या बिनबोभाट चढल्या. देवळात नारळ फुटला तवा ऋषिराजच्या फेट्याचा शेव सुटून गळ्यात आलता, आन् तेच्या हातावर बॉलपेननं कोपरापतूर आकडं लिवल्यालं.

तीनला आबा आन् ऋषिराज त्याच गाडीवर परत खाली निघालं. आन् काय सांगायचं, उताराला ती गाडी अशी गेली, अगदी लेखात लिवल्यागत! आवाज न्हाई, धूर न्हाई.

शोरूमवर टेम्पो लवकर आलता. आबांची मोटारसायकल वर चढवल्याली, दोरी बांधायची तेवढी राहिल्याली. वीरधवल लय कुरकुरला, बिल झालंय म्हणला, पासिंग झालंय म्हणला. आबा म्हणलं, "ही स्कूटर ठिवून घे, नायतर माज्याबरोबर घाटात चल, मी मागं बसतो." वीरधवलनं मोटारसायकल उतरवून दिली.

आबांनी किक मारली. एक. दोन. तिसरीला गुडघा धरून उभं राहिलं.

"आबा, सरा," ऋषिराज म्हणला. तेनं मारली. पाचव्या किकेला झाली चालू.

"बरं झालं," आबा म्हणलं. "आता मंगळवार-शुक्रवार, सकाळी सातला. घरातबी किक तू मारायची आन् दवाखान्यातबी. काकीला तूच आणायची-न्यायची."

"किती दिवस?"

आबांनी तेच्याकडं असं बघितलं, की तेनं परत इचारलं न्हाई.

लेख तेनं पुन्हा लिवला. श्रेयस सरांनी छापला न्हाई, आन् पुढच्या शनिवारपासनं सदरबी थांबवलं. मग तेनं हातानं लिवून डेअरीच्या फळ्यावर लावला. आता दूध घालाय आल्याली माणसं उभ्या उभ्या वाचत्यात आन् काय न बोलता कॅन उचलत्यात. रेश्मावहिनीनं गाडी ठेवली, तिला पठारावरच फिरायचं असतं, ती खुश हाय. चौघांनी परत केली. आन् शंभूराजनं परवा मिक्सर आणला, ऋषिराज समोरच बसल्याला, तरी तेला इचारलं न्हाई.

गेल्या शुक्रवारी ऋषिराज दवाखान्याच्या बाकावर बसला हुता. काकी आत. तेनं फोन काढला आन् पायगोंडा आण्णाचा नंबर लावला.

"आण्णा, मी मूठ पिळावाला. तुमी घाटाचं इचारलं हुतं. मी खोटं बोललो. चालवली नव्हती."

मग म्हातारा म्हणला, "गाडी मी घेतला की. महिना झाला."

"आँ? मग कशी हाय?"

"लय चांगली हाय. आमच्याकडं घाट कुठं हाय? सगळं सपाट, मळा ते बाजार."

"मग घाटाचं का इचारलं तुमी?"

"तू लिवल्याल्यात तेवढंच एक मला पटलं न्हाई म्हणून. ते खरं निघालं, तर बाकीचंबी खरं असंल, असं धरलो." म्हातारा खोकला. "गाडी चांगली निघाली ते माझं नशीब, बाळ. तुझा त्यात काय न्हाई. आता परत कुठं लिवलास तर कळव. मी आधी फोन करीन, मग वाचीन."

आन् ठेवला.

तेवढ्यात काकी बाहेर आली, भिंतीला धरत. ऋषिराज पळत गेला, तिला धरलं.

"कुणाचा फोन रं?"

"वाचक हुतं एक."

"काय म्हणत हुतं?"

"झेपा चांगली हाय म्हणत हुतं."

काकी पायरीवर टेकली, दम खाल्ला. "आरं मग आपल्या घाटात काय झालतं तिला?"

"तेंच्याकडं घाट न्हाई, काकी."

"व्हय का," काकी म्हणली. "ह्येबी लिवायचं की मग."

ऋषिराजनं मोटारसायकल स्टँडवरनं काढली आन् किकेवर पाय ठेवला. पहिली वाया गेली. दुसरी गेली. काकी पायरीवर बसून समोरच्या कडुलिंबाकडं बघत राहिली.